नेसण्याची जात

‘लिंग’ आणि ‘लिंगभाव’ हे दोन शब्द आता मराठी विद्यापीठांत चांगले रुळले आहेत. लिंग म्हणजे शरीर, ते निसर्गाने दिलेले. लिंगभाव म्हणजे त्या शरीराला समाजाने शिकवलेली वागणूक, ती संस्कृतीनुसार बदलणारी. परीक्षेत फरक विचारला की विद्यार्थी कागदावर दोन रकाने आखतो, दोन्हीकडे पाच-पाच मुद्दे लिहितो आणि मोकळा होतो. हा फरक खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. बाईचे बाईपण गर्भातून येत नाही, ते घरातून, शाळेतून, देवळातून येते, हे सांगणारा विचार ज्या समाजाला पचत नाही तिथे तो पुन्हापुन्हा सांगितलाच पाहिजे. माझी तक्रार ‘संस्कृतीनुसार’ या शब्दाबद्दल आहे. हा शब्द उच्चारताना आपल्या डोळ्यांसमोर न्यू गिनी येते, अमेरिका येते आणि या सर्वांच्या शेजारी ‘भारतीय संस्कृती’ नावाची एक सलग वस्तू येते. त्या वस्तूत एक भारतीय स्त्री आणि एक भारतीय पुरुष असतो. ही भारतीय स्त्री नऊवारी नेसते की गुडघ्यावर लुगडे खोचते, तिचा नवरा वारला तर ती पाट लावते की केशवपन करते, हे विचारायची सोय त्या दोन रकान्यांत ठेवलेली नाही.

आधी भाषेकडे पाहू. इंग्रजीत ‘जेंडर’ हा मूळचा व्याकरणाचा शब्द. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वैद्यक आणि समाजशास्त्राने तो उचलला. ॲन ओकली यांचे १९७२ सालचे पुस्तक आले आणि त्यानंतर स्त्रीवादी अभ्यासात हा भेद पक्का झाला. मराठीत उलटे आहे. आपण शरीराचाच शब्द व्याकरणाला दिला, त्यामुळे नव्या अर्थासाठी त्याला ‘भाव’ जोडावा लागला. पण आपले व्याकरणही काही भोळे नाही. मूल नपुंसकलिंगी, लेकरू नपुंसकलिंगी. कोकणीत आणि मालवणीत वयात आलेल्या मुलीलाही ‘तें चेडूं’ म्हणतात. लग्न झाले की मग ती ‘ती’ होते. म्हणजे शरीर तेच राहून व्याकरणातले लिंग लग्नाने बदलते. कोल्हापूरकडच्या बायका सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. त्या बोलण्याला डोंबिवलीच्या नाक्यावर लोक हसतात. हसणाऱ्याला वाटते की ती बाई पुरुषासारखी बोलते आहे. प्रत्यक्षात ती तिच्या गावच्या बाईसारखीच बोलत असते. तिचे गाव आणि बहुधा तिची जात प्रमाणभाषेत बसत नाही, एवढाच तिचा दोष. बाईने कसे बोलावे हे जिथे ठरले तिथे प्रमाणभाषा कोणाची हेही ठरले होते.

मार्गारेट मीड यांनी १९३५ साली न्यू गिनीतील तीन जमातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका जमातीत स्त्री-पुरुष दोघेही मवाळ, दुसरीत दोघेही आक्रमक, तिसरीत बायका व्यवहार पाहणाऱ्या आणि पुरुष नटण्यामुरडण्यात रमणारे, असे त्यांनी मांडले. त्यांच्या निरीक्षणांवर पुढे टीका झाली, पण स्वभाव शरीरातून येत नाही हा मुद्दा त्या पुस्तकाने जगभर पोचवला. मीड या कोलंबिया विद्यापीठाच्या, फ्रान्झ बोआस यांच्या शिष्या. याच कोलंबियात, बोआस यांचेच शिष्य असलेल्या गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला होता. मीड यांच्या पुस्तकाच्या एकोणीस वर्षे आधी. आपल्या अभ्यासक्रमात मीड असतात, तो निबंध ‘जातिव्यवस्था’ या वेगळ्या पेपरात असतो. ही वाटणी मला मान्य नाही.

काय आहे त्या निबंधात? जात म्हणजे आपल्यातच लग्न करणारा बंदिस्त गट. तो बंद ठेवायचा तर लग्नायोग्य स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या जुळली पाहिजे. ती जुळत नाही, कारण जोडीदार एकाच वेळी मरत नाहीत. नवरा मेला की एक स्त्री ‘जास्त’ होते, बायको मेली की एक पुरुष ‘जास्त’ होतो. ही जास्तीची माणसे जातीबाहेर लग्न करतील आणि कुंपण मोडेल, ही भीती. मग जास्तीच्या स्त्रीला नवऱ्याबरोबर जाळायचे, किंवा जिवंत ठेवून सक्तीचे वैधव्य लादायचे. जास्तीच्या पुरुषाचे काय? त्याला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे, त्याचा शब्द चालतो, गटालाही त्याचे श्रम हवे असतात. त्याला संन्यास सांगून पाहायचा आणि नाहीच जमले तर खालच्या वयाची मुलगी आणून द्यायची. सती, वैधव्य, बालविवाह या तिन्ही गोष्टी बाबासाहेबांनी एका हिशेबातून काढून दाखवल्या. शरीराने एक विधवा आणि एक विधुर सारखेच ‘जास्त’ आहेत. एकीचा जाळ होतो आणि दुसऱ्याला दहा वर्षांची नवरी मिळते. हा फरक शरीरात कुठेच नाही. लिंग आणि लिंगभाव यांतील अंतर याहून कठोर शब्दांत मराठी मुलखातल्या कोणी मांडले असेल तर ते १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनीच. शर्मिला रेगे यांनी २०१३ साली बाबासाहेबांचे हे लेखन स्त्रीवादाचे मूळ लेखन म्हणून वाचा, असे आग्रहाने सांगितले. दहा-बारा वर्षे झाली, तरी कॉलेजच्या टिपणांत अजून ते नीट उतरलेले नाही.

मुख्य गोष्ट ही की या हिशेबात बाईपण जातीच्या कुंपणासाठी घडवले जाते. मग कुंपण जितके उंच तितके बाईपण कडक. ब्राह्मण विधवेचे केशवपन आणि महार-मांगांचा पाट, शेजारच्याच दोन आळ्यांत. एकाच गावात, एकाच शतकात, एकाच धर्माच्या नावाखाली बाई असण्याच्या दोन रीती. न्यू गिनीला जायचे कारण नाही.

आणि ही रीत अंगावर दिसली पाहिजे, म्हणून नेसणे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली हे सर्वांना पाठ आहे. त्याच मुक्कामात बाबासाहेबांनी जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांशी जे बोलणे केले ते तितके पाठ नाही. गुडघ्यापर्यंत खोचलेले लुगडे, गळ्यात आणि कोपरापर्यंत हातात घातलेले कथलाचे-चांदीचे ओझे, ही तुमच्या अस्पृश्यतेची ओळखीची खूण आहे, ती टाका, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, असा त्या सांगण्याचा रोख होता. काही टीकाकार याला वरच्या जातींचे अनुकरण म्हणतात. मला ते वाचन उथळ वाटते. घोट्यापर्यंतचे लुगडे हे ‘बाईचे’ नेसणे आणि गुडघ्यापर्यंतचे हे ‘महारणीचे’ नेसणे, असे गावाने ठरवले होते. म्हणजे महारीण ही गावाच्या लेखी पुरती बाई नव्हतीच. तिला बाईची अब्रू नव्हती, म्हणून बाईचे नेसणेही नव्हते. बाबासाहेबांनी तिला सवर्ण हो म्हटले नाही, गावाने मारलेला शिक्का पुसून टाक म्हटले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ सालच्या पुस्तकात त्या काळच्या स्त्रियांच्या आठवणी आहेत. नेसणे बदलणे ही त्या बायांच्या लेखी चळवळीतली पहिली कृती होती, हे त्या वाचताना ध्यानात येते.

हे डोक्यात ठेवून मी मराठी पडद्यावरच्या एका योगायोगाकडे येतो. सप्टेंबर २००९ ते मे २०११ या वीसएक महिन्यांत मराठीत तीन गाजलेले चित्रपट आले. राजीव पाटील यांचा ‘जोगवा’, रवी जाधव यांचा ‘नटरंग’ आणि त्यांचाच ‘बालगंधर्व’. तिन्हींचा नायक बाईचे वस्त्र नेसणारा पुरुष आहे. यांतले दोन तर एकाच दिग्दर्शकाचे, डोंबिवलीत वाढलेल्या माणसाचे. आपल्या समीक्षेने तिन्हींवर स्वतंत्रपणे लिहिले, अभिनयाला आणि गाण्यांना दाद दिली. तिघांना शेजारी उभे करून पाहिले नाही. तसे पाहिले की लिंगभावाचा दोन रकान्यांचा तक्ता फाटतो.

नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. टिळकांनी दिले असे मानले जाते ते नाव ‘बालगंधर्व’. ‘मानापमाना’तली भामिनी, ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी, गडकऱ्यांच्या ‘एकच प्याल्या’तली सिंधू. ठाण्यात तलावपाळीसमोर ज्या गडकऱ्यांच्या नावाचे रंगायतन आहे त्यांनी दारुड्या नवऱ्यापुढे मुकाट सोसणारी पतिव्रता लिहिली, आणि ती मराठी मध्यमवर्गाच्या मनात उतरवली ती एका पुरुषाने. त्याचे नेसणे, त्याची केशरचना, पदर घेण्याची लकब पाहून चांगल्या घरच्या बायका तसे नेसू लागल्या, असे त्या काळाबद्दल सर्वच लिहितात. ही केवढी मोठी कबुली आहे! ‘खरी स्त्री’ कशी असते हे घरच्या स्त्रिया एका पुरुषाकडून शिकत होत्या. लिंगभाव शिकवला जातो याचा याहून चांगला दाखला कोणत्या पाठ्यपुस्तकात मिळेल? पण तेव्हा कोणी बालगंधर्वांना बायल्या म्हटले नाही. १९६४ साली पद्मभूषण मिळाले, पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर झाले. ‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, १२ मार्च १९११ रोजी, मुलगी वारली असता त्यांनी काम केले, ही आख्यायिका चित्रपटात त्यागाचा कळस म्हणून येते. नेसणे त्यांच्या अंगावर कला झाले. त्यांची निंदा सुरू झाली ती लुगड्यावरून नाहीच. गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आली तेव्हा झाली. पुरुषाने बाई होणे समाजाला खपले. ब्राह्मण नटाने मुसलमान गायिकेबरोबर संसार थाटणे खपले नाही. कुंपण कुठे आहे ते इथे स्पष्ट दिसते.

आता गुणा कागलकर. आनंद यादवांच्या कादंबरीतला आणि ‘नटरंग’मधला हा शेतमजूर पैलवान अंगाचा आहे, वग लिहितो, राजा व्हायचे स्वप्न पाहतो. नाच्याशिवाय फड उभा राहत नाही आणि नाच्या व्हायला कोणी तयार नाही, म्हणून तो स्वतः नाच्या होतो. पुढे काय होते? बाप खचतो, बायको तोंड फिरवते, पोराला चिडवले जाते, गावचे सत्ताधारी त्याच्यावर अत्याचार करतात. बालगंधर्वांनी शालू नेसला तेव्हा त्यांचे पुरुषत्व कोणी काढून घेतले नाही. गुणाने नुसती कंबर हलवली आणि त्याचे घरदार, शरीर, अब्रू सगळे काढून घेण्यात आले. कृती एकच आहे, पुरुषाने बाईचे सोंग घेणे. फरक मंचाचा आहे. संगीत नाटकाचा मंच कोणाचा आणि तमाशाचा बोर्ड कोणाचा? गण, गौळण, बतावणी, वग ही सगळी कला महार, मांग, कोल्हाटी यांच्या घामावर उभी राहिली. ज्यांच्या बायकांना अब्रू नाही असे ठरले होते त्यांच्यातल्या पुरुषाने बाईचे सोंग घेतले तर तो अब्रू नसलेल्या बाईचे सोंग घेतो. नाच्याला जे भोगावे लागते ते या गणितातून. ‘नटरंग’ चित्रपट हे दाखवतो आणि तरीही जातीचे नाव घ्यायला कचरतो. शेवटी गुणाला जीवनगौरव मिळतो आणि प्रेक्षागृह टाळ्या वाजवते. कलेसाठी झिजलेला कलावंत, या एकाच चौकटीत रवी जाधवांनी दोघांनाही बसवले. चित्रपट म्हणून दोन्ही चांगले आहेत, अतुल कुलकर्णी आणि सुबोध भावे यांच्या मेहनतीला तोड नाही. पण डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरापासून उल्हासनगरच्या वस्त्यांपर्यंत किती अंतर आहे हे त्या शहरात वाढलेल्या माणसाला ठाऊक असणार. ते अंतर या दोन चित्रपटांच्या मध्ये मोकळे पडून आहे.

तमाशात बाई उभी राहिली ती हिवरगावची पवळा, महाराची लेक. तिच्याबरोबर पठ्ठे बापूराव, मूळचे कुलकर्णी, ब्राह्मण. आंबेडकरी चळवळीला आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले असता बाबासाहेबांनी ते नाकारले, हा प्रसंग चरित्रांत येतो. महार स्त्रीला नाचवून मिळालेला पैसा नको, ही भूमिका. तिच्यामागची वेदना मी समजू शकतो. पण शैलजा पैक यांनी २०२२ सालच्या ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांबद्दल जे लिहिले त्याने आपल्याला थोडे अस्वस्थ केले पाहिजे. ‘अश्लील’ हा शिक्का जातीने मारला, आणि माणुसकी मिळवताना चळवळीनेही त्या स्त्रीला दूर ठेवले. आपण तमाशाची गौळण काढून जलसा उभा केला, त्यात बायकांची कामेही पुरुषांनी केली. शिक्का पुसण्याच्या नादात शिक्का बसलेली बाईच बाजूला राहिली काय? हा प्रश्न बाबासाहेबांविरुद्ध नाही. त्यांच्यानंतर ज्यांनी तो विचारायचा होता त्या आपल्याविरुद्ध आहे. आज ठाण्या-डोंबिवलीच्या नाट्यगृहांत लावणीचे ‘खास महिलांसाठी’ प्रयोग होतात, ‘बिनबायकांचा तमाशा’ नावाने सगळ्या लावण्या पुरुषांनी करण्याचा खेळही येऊन गेला. मध्यमवर्गाने लावणी घेतली, लावणीवाली घेतली नाही.

तिसरा ‘जोगवा’. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागरांची ‘दर्शन’ ही कथा यांवर तो बेतलेला आहे. तायप्पाला यल्लम्माच्या नावाने जोगत्या केले जाते, लुगडे नेसवले जाते. इथे नेसणे ना कला, ना पोट. इथे तो देवीचा हुकूम आहे. सुलीसारख्या जोगतिणींना देवाला वाहिले जाते तसेच हेही वाहणे, आणि ही वाहिलेली माणसे बहुतेक कोणत्या वाड्यांतून येतात हे सांगायला नको. २०१० च्या ठाण्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष उत्तम कांबळे यांनी ‘देवदासी आणि नग्नपूजा’ या पुस्तकात या प्रथांची चिरफाड केली होती. ‘जोगव्या’चा शेवट मात्र मला खटकतो. तायप्पा लुगडे फेडतो, पुरुष होतो, सुली त्याची होते. मुळात त्याच्यावर ते लादले गेले होते, म्हणून त्याचे फेडणे योग्यच. पण ज्याला फेडायचे नाही त्याला या कथेत जागा कुठे? देवीच्या आडून का होईना, आपल्याला हवे ते नेसायला मिळाले म्हणून जगू शकलेली माणसेही त्या जोगत्यांत असतात. त्यांना चित्रपट ओळखत नाही. शरीर पुरुषाचे म्हणजे माणूस पुरुषच, हा शेवटी त्याचा सुटकेचा मार्ग ठरतो.

याच रांगेत पोतराज. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) थोरल्या मुलाला मरीआईच्या नावाने पोतराज सोडण्याची रीत सविस्तर आली आहे. वाढवलेले केस, कपाळभर कुंकू, खणांचा घागरा, हातात कोरडा. केस आणि घागरा बाईचे, पण पोतराजाला बायल्या कोणी म्हणत नाही, लोक घाबरतात त्याला. त्याच वेळी दारात उभाही करत नाहीत. त्याच पुस्तकात सुनेच्या पायात अडकवलेला लाकडाचा खोडा आहे, नाक कापलेल्या सुना आहेत. आपल्या वाड्यात बाई मोकळी होती, पाट होता, कमाई होती, म्हणून पुरुषसत्ता सैल होती, असे जे आपण कधीकधी सुखाने म्हणतो त्याला बेबीताईंनी परस्पर उत्तर दिले आहे. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल त्या पुस्तकात बोलल्या नाहीत. ते पुढे इंग्रजी अनुवादाच्या वेळच्या मुलाखतीत बोलल्या. वीसएक वर्षे लागली. दलित आत्मकथनांची समीक्षा करताना आपण सांगितलेल्या वेदनेबद्दल पुष्कळ लिहिले. या न सांगितलेल्या वीस वर्षांबद्दल कोण लिहिणार?

ठाणे जिल्हा म्हटला की वारली आलेच, जरी १ ऑगस्ट २०१४ पासून त्यांचा मोठा मुलूख पालघर जिल्ह्यात गेला. वारल्यांचे लग्न लावते ती धवलेरी, बाई. चौक लिहितात त्या सवाशिणी. पुरोहितपण पुरुषाचेच, हा नियम इथे ब्राह्मणी घरापासून पन्नास मैलांत मोडून पडतो. पण चौकातली चित्रे कागदावर आली, बाजारात गेली, तेव्हा नाव झाले जिव्या सोमा मशे यांचे. २०११ साली पद्मश्री. त्यांची थोरवी मोठीच आहे. तरी बाई लिहीत होती तोवर तो विधी होता आणि पुरुषाने काढले तेव्हा ती कला झाली, हे नोंदवून ठेवावे. दुसरी बाजू गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये आहे. लग्नासाठी कर्ज काढणारा वारली सावकाराचा लग्नगडी व्हायचा, जन्माचा वेठबिगार, आणि त्याची बायकोही त्या कर्जात जायची. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे आलेले मूठभर वारली परत जाऊन उठले. लग्नगड्याच्या लेखी ‘नवरा’ असणे म्हणजे काय? स्वतःच्या बायकोवरही ज्याचा हक्क सावकारानंतरचा, त्याला आपण त्या दोन रकान्यांपैकी ‘पुरुष’ या रकान्यात कोणत्या तोंडाने लिहितो?

आता ठाण्याचेच एक पुस्तक. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ २०१२ साली वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून आले. ठाण्यात वाढलेल्या एका मुलाचा हिजडा होण्याचा हा प्रवास मराठीत प्रथमच इतक्या उघडपणे सांगितला गेला, आणि त्याचे श्रेय निःसंशय द्यायला हवे. ज्या शब्दाने शिवी दिली जाते तो शब्द शीर्षकात स्वतःहून घेणे, ही ‘दलित’ हा शब्द अंगावर घेण्याच्या जातीची कृती आहे. पण शीर्षकात ‘मी’ दोनदा आहे. दलित आत्मकथनातला ‘मी’ वाड्याला, जातीला, आईला घेऊन चालतो; हा ‘मी’ बहुतांशी एकट्याचा, व्यासपीठाकडे जाणारा आहे. ब्राह्मण कुटुंबाने या मुलाला घराबाहेर काढले नाही, हे पुस्तकातले अतिशय हृद्य वास्तव आहे. ज्यांच्या घराला मुळात दार नव्हते त्यांच्याबद्दल ते काही सांगू शकत नाही, आणि सांगावे अशी अपेक्षाही करू नये. नंतर २०१५ साली किन्नर आखाडा निघाला, २०१६ च्या उज्जैनच्या सिंहस्थात लक्ष्मी महामंडलेश्वर म्हणून वावरल्या. २०१८ साली त्यांनी अयोध्येतील राममंदिराच्या बाजूने भूमिका घेतली तेव्हा देशभरच्या अनेक तृतीयपंथी व्यक्ती आणि गटांनी जाहीर निषेध केला.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाश्चात्त्य अभ्यासक हिजड्यांकडे बोट दाखवून म्हणत आले की भारतीय संस्कृती उदार, तिने तिसऱ्या लिंगाला जागा दिली. आपले संस्कृतीरक्षक ते वाक्य आनंदाने उचलतात, शिखंडी आणि अर्धनारीनटेश्वर काढतात. जागा दिली हे खरे. गावगाड्याने महारालाही जागा दिली होती. मेलेले ढोर ओढायचा त्याचा ‘हक्क’ होता, बलुत्याचा हक्क होता, गावच्या सणात मानही होता. हिजड्याला बधाईचा हक्क, आशीर्वादाचा हक्क, शाप देण्याचा हक्क. दोघांचाही स्पर्श ठरावीक दिवशी पवित्र, एरवी विटाळ. हिंदू समाज माणसाला हाकलत नाही, त्याला एक काम लावून देतो आणि त्या कामाबाहेर पाऊल टाकू देत नाही. महारवतन सोडताना बाबासाहेबांना आपल्याच माणसांशी भांडावे लागले, कारण वतनाला मान समजले जात होते. बधाईला मान समजणाऱ्यांशीही तसेच भांडावे लागेल. शिवाय हिजड्यांची नोंद गुन्हेगार म्हणून ठेवण्याची तजवीज १८७१ च्या ज्या कायद्यात होती तोच कायदा पारधी, कैकाडी, मांग-गारुडी यांच्या मानेवर बसला. हे सोयरेपण आपण का विसरलो?

कल्याणजवळ मलंगगडावर हाजी मलंगच्या उरुसाला, माघी पौर्णिमेच्या सुमारास, देशभरातून हिजडे येतात. दर्ग्याची वहिवाट कल्याणच्या एका ब्राह्मण घराण्याकडे वंशपरंपरेने आहे. गड कोणाचा, यावर गेली चाळीसेक वर्षे राजकारण चालले आहे. त्या भांडणात गड चढून येणाऱ्या या भक्तांचे मत कोणी विचारल्याचे दिसत नाही. एरवी तीच माणसे लोकलच्या डब्यात टाळी वाजवत फिरतात. डब्यावर पदर घेतलेल्या बाईचे चित्र वर्षानुवर्षे रंगवलेले असे. त्या चित्रातल्या बाईसारखे नेसूनही त्यांना त्या डब्यात बसता येत नाही, फक्त मागता येते.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना मागास मानून आरक्षण द्या, असे सांगितले. २०१९ च्या कायद्यात ती तरतूद नव्हती. तामिळनाडूच्या ग्रेस बानू यांनी आडवे आरक्षण मागितले, म्हणजे अनुसूचित जातीतल्या तृतीयपंथीला त्याच जातीच्या वाट्यात स्वतंत्र जागा. मागणी साधी आहे. दलित हिजडा इतर मागासांत टाकला तर त्याची जात कागदावरून पुसली जाते आणि अंगावर राहते. लिव्हिंग स्माइल विद्या यांनी तृतीयपंथीयांचा द्वेष हा ब्राह्मण्याचाच प्रकार असल्याचे मांडले. मराठीत दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह आला, वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या म्हणूनही त्या बोलल्या. दलित साहित्याच्या इतिहासात या संग्रहाला कोणत्या प्रकरणात ठेवायचे हे अजून कोणी ठरवलेले नाही. मला विचाराल तर तो पहिल्या पिढीच्या विद्रोही कवितेच्या शेजारी वाचला जावा, स्त्री-कवितेच्या परिशिष्टात नको.

आणि आपले मोर्चे. ठाण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीवर, कल्याणच्या महापालिकेवर, पाण्यासाठी, घरांसाठी, अत्याचाराच्या निषेधार्थ आपण जातो. अधिकारी भेटला नाही की बांगड्यांचा आहेर निघतो. सर्वच पक्ष हे करतात, निळ्या झेंड्याखालीही ते होते. व्यासपीठावरून सरकारला ‘हिजडे’ म्हटले जाते, टाळ्या पडतात. पुष्कळदा त्या बांगड्या मोर्चातली बाईच स्वतःच्या हातातून काढून देते. तिच्या पणजीला कोपरापर्यंतचे कथलाचे ओझे उतरवा असे महाडला सांगितले होते. ते उतरवून तिने काचेची बांगडी भरली, तेव्हा गावाच्या डोळ्यांत ती सलली होती. आता तीच बांगडी नामर्दपणाची खूण म्हणून ती साहेबाच्या टेबलावर ठेवते आणि फोटो निघतो. पुढच्या मोर्चाची तयारी करणाऱ्या कार्यकर्त्यांनी घोषणांची यादी लिहिताना हा आहेर आणि ती शिवी दोन्ही वगळावीत, आणि मोर्चाच्या पुढच्या रांगेत कोण चालणार हे ठरवताना टाळी वाजवणाऱ्यांनाही निरोप पाठवावा. कल्याण स्टेशनवर त्या रोज भेटतात.